शिंगाळ्याचे काटे
परवा सुया-दाभणांच्या डब्यात शिशाची इवलीशी मासोळी सापडली, शेपटाला गळ आणि लाल दोरा, आणि मिठबावच्या खाडीवरची मे महिन्यातली एक सकाळ आठवली. भाऊ मुंबईहून मासे पकडायची नाजूक काठी घेऊन आला होता. ओहोटीच्या गढूळ पाण्यात ही मासोळी नाचवताना तिला मोठा शिंगाळा मासा लागला आणि भाऊ गडबडला, कारण काठीचा दोरा केसाएवढा बारीक होता. त्याने काठी बाबांच्या हातात दिली. जन्मभर होडीवर जाळी ओढलेल्या बाबांनी मासा ओढलाच नाही. हवा तिकडे जाऊ दिला, दमवला आणि हळूच चिखलावर घेतला. मग कोयती मागितली. “आधी काटे मोडूक व्हये रे, मगे काढ फोटो.” शिंगाळ्याचे विषारी काटे आमच्याकडे कुणी क्षणभरही ठेवत नाही. “मोडू नका बाबा, फोटोत दिसायला हवेत,” भाऊ म्हणाला. वर्षभराने घरी आलेल्या मुलाला बाबा नाही म्हणाले नाहीत. त्याच्या हातात देताना मासा उसळला आणि काटा बाबांच्या अंगठ्यात खोल रुतला. मी धावले, तर भावाने कॅमेरा माझ्याच हातात दिला. “बाबा, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय.” हात पोटाशी धरून बाबा बाजूला झाले. त्या अंगठ्याने त्यांना पुन्हा कधी जाळं विणता आलं नाही. आता बाबा नाहीत. भावाच्या दिवाणखान्यात तो फोटो आहे, आणि एवढा मासा आपण एकट्याने काढल्याचं तो पाहुण्यांना सांगतो. काटे मात्र फार सुंदर आलेत.