शहाजीकाकांच्या नावाचा फोल्डर

तळोज्याच्या त्या रेझीनच्या कारखान्यात कंट्रोल रूमचा संगणक कुणीही चालू केला, तरी तो जुने ऑपरेटर शहाजी जगदाळे यांच्याच नावाने उघडायचा. तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर बिनदिक्कत त्याच नावाने आत शिरत. स्वतःचं लॉगिन काढायचं म्हणजे ऑफिसात अर्ज करा, साहेबांची सही आणा, हेलपाटे घाला. त्यापेक्षा काकांचा पासवर्ड बरा. पासवर्ड म्हणजे त्यांच्या साताऱ्याकडच्या गावाचं नाव, आणि त्या गावाचं कौतुक ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

टाकीत कोणता माल कधी सोडायचा, ढवळणी कधी मंद करायची, हे त्या संगणकावरचं सॉफ्टवेअर बघायचं. त्याला जोडून आपल्या सोयीच्या सूचना लिहून ठेवायची सोय होती. सूचनांच्या अशा एकेका तुकड्याला मॉड्यूल म्हणत. सॉफ्टवेअर कंपनीने शिकवणी ठेवली तेव्हा बाकीचे समोसे खाऊन पांगले. शहाजी तेवढे बसून राहिले आणि त्यांना त्याचा नादच लागला. हळूहळू मॉड्यूलांचं मोठं बिऱ्हाड जमलं. ती वापरा, पण त्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. काही अडलं की फोन करायचा.

फोन यायचाच. कोपरखैरण्याच्या घरात शहाजी भरल्या ताटावरून उठायचे, "एक दिवस सुखानं जेवू देत न्हाईत," म्हणायचे आणि खुशीत बोलत बसायचे. शकुबाई त्यांचं ताट झाकून ठेवायच्या. नवऱ्याची ही कुरकुर किती खरी, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

महिनाअखेरीला शहाजी निवृत्त होणार होते. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीची सुचिता नवी आवृत्ती बसवायला आली. मुलगी घणसोलीची, कामाला चटपटीत. बसवता बसवता पडद्यावर प्रश्न आला, मॉड्यूल कुठे ठेवायची? तिने शहाजींना खुर्ची ओढून दिली.

"काका, प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये टाकली तर पुढच्या अपडेटला सगळी साफ होणार. म्हणजे ते नकोच. आता ती तुमच्या लॉगिनच्या फोल्डरमध्ये आहेत. तिथेच ठेवू, की सगळ्यांसाठी कॉमन फोल्डर करू?"

"हायत तिथंच बरी हायत की."

"पण तुम्ही रिटायर झालात की लॉगिन बंद. फोल्डरपण जाणार."

"मग पेन ड्राइव्हवर घालून दे. मी घरी नेतो. ह्यांचं काय अडलं तर करतील फोन."

पलीकडच्या खुर्चीवरचा कुंदन मध्येच बोलला. तो तळोज्याच्याच गावातला, या पाळीचा ऑपरेटर. मागे एकदा त्याने एका मॉड्यूलमधली थांबायची वेळ परस्पर कमी केली होती, तेव्हा काकांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. "काका, बॅच चालू असताना आमी तुमच्या घरी पेन ड्राइव्ह आनायला येयाचा काय?"

"तू गप रं," शहाजी म्हणाले. सुचिताला म्हणाले, "उद्या सांगतो."

घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मॉड्यूल आपली, रात्रपाळ्या जागून जमवलेली, ती कुणाच्याही हाती का द्यायची? पण मनातली खरी भीती वेगळी होती. सगळं तिथे ठेवून आलो, तर आपल्याला फोन कोण करणार? हे शकुबाईंना सांगायला त्यांना जेवण उरकेपर्यंत धीर झाला नाही.

शकुबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आपली सुनयना सीवूड्सला ऱ्हायला गेल्यापास्नं दर उन्हाळ्याला फोन करायची. आई, मसाल्याला मिरची किती, धनं किती. दोन सालांमागं तिला कांडपावर संगं नेली, समदं शिकवलं. आता न्हाई येत तिचा फोन."

"मग? वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं की. रडूबी आलं जरा. पण चटणी झ्याक हुतीया तिची."

दुसऱ्या दिवशी शहाजींनी सुचिताला सांगितलं, "कॉमन कर. पण वाचू देत नुसती. बदलाय कुणाला येता कामा न्हाई."

"तसं करता येईल," ती म्हणाली. "फक्त मग उद्या उन्हाळ्यात टाकी गार ठेवायचं पाणी तापलं, वेळ बदलावी लागली, तर कोण बदलणार? तुमचं लॉगिन तर नसेल."

शहाजींनी पडद्यावरून मान वर केली. काचेपलीकडे कुंदन टाकीचा काटा वाचत होता. पोरगं आगाऊ होतं, पण काटा वाचताना त्याचं लक्ष कधी हलत नव्हतं. हे त्यांना केव्हाचं माहीत होतं, कबूल करायला जड जात होतं एवढंच.

"त्याला दे," ते म्हणाले. "कुंदनला. बदलायची परवानगी. आन् त्याचं सोताचं लॉगिन काढ म्हणावं आधी, अर्जावर सही मी आणतो."

कुंदनच्या अर्जाबरोबर बाकीच्यांचेही अर्ज घेऊन सहीसाठी ते स्वतः ऑफिसात गेले, साहेब जागेवर नव्हते म्हणून पुन्हा गेले. कॉमन फोल्डरला काय नाव द्यायचं, असं सुचिताने विचारलं, तेव्हा क्षणभर मोह झाला. मग म्हणाले, "मॉड्यूल. दुसरं काय?"

शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, संध्याकाळी लॉगिन बंद झालं. पहिल्या आठवड्यात शहाजी फोन उशाशी घेऊन झोपत. दुसऱ्या आठवड्यात तो बाजारातही हातातच असे. फोन आला तो गॅसवाल्याचा.

उन्हं तापली. असल्याच दिवसांत टाकी गार ठेवायचं पाणी तापून बॅच बिघडायला बघते. दुपारी जेवायला बसल्यावर शहाजींचा घास हातातच राहिला. "शकू, तुझ्या फोनवरनं मला जरा मिस्ड कॉल दे बरं."

शकुबाईंनी काही न विचारता नंबर लावला. ताटाशेजारचा फोन खणखणला.

"लागतोय की," त्या म्हणाल्या.

"लागतोय," शहाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "म्हंजे तिकडं झ्याक चाललंय."

शकुबाईंनी गरम भाकरी वाढली, आणि ते ताटावरून न उठता जेवले.