दीड हाताची वळचण

कोणाच्याही घरात शिरले की काकाजी आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं करायचे आणि डोक्याच्या वर उभं धरायचे. पाणी विचारा, चहा विचारा, उत्तर नाही. बोट वर, डोळे अर्धे मिटलेले. मग निकाल लागायचा, "हवा येऊन त राहिली, पण जाऊन नाई राहिली."

हे त्यांनी लग्नाच्या हॉलमध्ये केलं, बँकेत केलं, आणि एकदा तर मयताच्या घरी केलं. सगळे रडत असताना त्यांनी मागची खिडकी उघडायला लावली. खरं सांगायचं तर त्यानंतर सगळ्यांना जरा मोकळेपणी रडता आलं.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल आणि तुम्ही त्याला टाळत असाल. मला ते जमण्यासारखं नव्हतं. आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेइतकीच होती.

चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, त्यांची नोकरी झाली. काम हवेचं. कुठल्या बोगद्यात हवा पोचते, कुठे अडते, ते बघत फिरायचं. निवृत्त होऊन ते गावी, तलावाच्या पाळीजवळच्या घरी आले आणि बघतात तर काय, इथे सगळीकडे हवाच हवा! माणूस पार बेकार झाला. पुढे त्यांना काम मिळालं ते काकूंच्या दम्यामुळे.

काकूंचा जीव कोंबड्यांत. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरची एक कोंबडी टोपलीत घेऊन आल्या होत्या म्हणे, आणि खाणीच्या क्वार्टरमध्येही त्यांनी कोंबड्या पाळल्या. इथला खुराडा मात्र पेटीसारखा बंद, आणि छपराची वळचण जेमतेम वीतभर. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. आत अंथरलेलं धानाचं तूस भिजायचं, कुजायचं, असा वास सुटायचा की डोळे झोंबावेत. काकू अंडी काढायला आत वाकल्या की त्यांची छाती शिट्टी वाजवायची. डॉक्टर म्हणाले, कोंबड्या सोडा. नागपूरच्या मुलानं फोनवर सांगितलं, "विकून टाका." त्या दिवशी काकूंनी स्वयंपाक केला, पण जेवल्या नाहीत.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मला काकाजींचा आवाज आला. "पावसाळाभर थांब वं. असा खुराडा बांधतो का अंदर तुलेच झोप लागन. तुले एकदा जरी दम लागला, त मी सोता कोंबड्या बजारात नेतो."

काकू म्हणाल्या, "बांधा. पण शब्द ध्यानात ठेवजा."

पहिला खुराडा त्यांनी खाणीसारखा बांधला. या भिंतीला भोक, त्या भिंतीला भोक, मधून हवा सरळ. मग हवा तपासायची म्हणून स्वतः आत जाऊन बसले आणि बिडी पेटवली. धूर कसा जातो ते बघायचं! काकूंच्या छातीपायी घरात बिडी बंद होती, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तपासणी फार बारकाईनं चालली. सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, चहानंतर हटकून.

"कोंबड्यायच्या आधी तुमीच राहाले गेले का जी?" काकूंनी दाराशी वाकून विचारलं.

"टेस्टिंग करून राहिलो वं."

"बंडलभर?"

दुसऱ्या दिवसापासून तपासणी उदबत्तीवर आली आणि लगेच संपलीही.

कोंबड्या आत गेल्या आणि आल्या पावली बाहेर आल्या. सरळ वारा नेमका त्यांच्या बसायच्या दांडीवर. पिसं उलटी होत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंत ओलांडली आणि माझ्या स्कूटरवर मुक्काम केला. मी रोज सकाळी सीट धुऊ लागलो.

"काकाजी, तुमच्या कोंबड्या माझ्या गाडीवर झोपतात."

"तिथं हवा कमी हाय ना, भाऊ," ते म्हणाले, आणि माझ्या अंगणाकडे फार कीव करून पाहिलं.

काकाजींना जागेवर आणलं काकूंनीच. "तुमच्या खाणीतले मानसं चालत फिरत होते. कोंबडी रातभर एका जागी बसते. तिच्या पाखात हवा काहून घालता? वास वर जाते, भोकं वर पाडा."

काकाजींनी ओलं बोट छपराखाली धरून पाहिलं. मग म्हणाले, "मी हेच म्हनून राहिलो होतो."

दांडीच्या वर, छपराच्या अगदी खाली चारही बाजूंनी जाळी आली. आता त्या जाळीतून पाऊस आत येऊ नये म्हणून वळचण वाढवायची. काकाजींनी ती चार हात वाढवली. टिनाचं टोक माझ्या भिंतीवरून माझ्याच अंगणात डोकावू लागलं. त्या वळचणीखाली शेजारच्या शेळ्या आल्या, मागोमाग पत्ते खेळणारे दोन म्हातारे आले. आत इतका अंधार झाला की भर दुपारी संध्याकाळ झाली असं समजून कोंबड्या दांडीवर चढून बसायच्या. अंडी बंद. मग एका वादळात वारा त्या लांबलचक वळचणीखाली शिरला, डब्याचं झाकण उघडावं तसं त्यानं छप्पर उघडलं आणि माझ्या वांग्यांच्या वाफ्यावर आणून ठेवलं. मी बाहेर आलो. भिंतीपलीकडे काकाजी चिंब भिजलेले, आणि चेहऱ्यावर केवढा आनंद!

"पाहा भाऊ! हवा कशी खेळून राहिली!"

शेवटी वळचण दीड हातावर ठरली. तीही काकूंच्या हातानं मोजून. तरी पश्चिमेचा आडवा पाऊस वरच्या जाळीतून आत यायचाच. आणि मंडळी, इथे मी रंगमंचावर प्रवेश करतो.

आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर नाटकं होतात आणि गावच्या मंडळीत राजे मी करतो. हल्ली मागे छापील फ्लेक्स लागतो. जुना रंगवलेला राजवाड्याचा पडदा माझ्या माळ्यावर गुंडाळून पडला होता. तो मी दिला. आम्ही तो पश्चिमेच्या भिंतीला नाटकातल्यासारखाच वर बांधला. खालून गुंडाळत नेला की दांडीसमोरच्या जुन्या भोकातून कोंबड्यांच्या अंगावर वारा, आणि जाळी नेमकी झाकलेली. काकाजी बघत राहिले. मग म्हणाले, "उलटा करा."

पडद्याची वरची कड खाली ठोकली, खालच्या कडेचा बांबू वर नेला. आता दोरी सैल केली की तो वरून उतरायचा. जाळी उघडी, कोंबड्या झाकलेल्या. हवेचं गणित चोख बसलं. राजवाडा तेवढा डोक्यावर उभा राहिला. कळस चिखलात आणि संगमरवरी पायऱ्या आभाळात. गाव बघायला लोटलं.

"राजा कोठं हाय जी?" एकानं विचारलं.

"हा काय," काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "वांगे गोळा करून राहिला."

कोंबड्या मात्र आत गेल्या आणि आतच राहिल्या. तूस कोरडं राहिलं. पाऊसभर रोज सकाळी काकू अंडी काढायला आत शिरायच्या आणि काकाजी बाहेर भिंतीला कान लावून उभे राहायचे.

"काय आयकून राहिले जी?" आतून प्रश्न यायचा.

"कोंबड्या."

कोंबड्या तेव्हा अंगणात त्यांच्या पायांशी चरत असायच्या. काकूंच्या छातीची शिट्टी काही वाजली नाही. पावसाळा सरला. बाजाराचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. झोपेतच. उन्हाळा लागला तसा मुलगा नागपूरहून आला, आईला घेऊन जायला. येतानाच कोंबड्यांना गिऱ्हाईक ठरवून आला होता.

"आई, तुझ्या दम्यासाठीच सांगून राहिलो. या वासात तुझं काय होईल?"

काकूंनी त्याचा हात धरला, खुराड्यात नेलं, दार ओढून घेतलं आणि एका पालथ्या टोपलीवर त्याला बसवलं. मी भिंतीवर कोपरं टेकवली. अशा वेळी निघून जाणं मला कधीच जमलेलं नाही.

काकू बोलायला लागल्या. त्याच्या चौथीपासून सुरुवात केली. शाळा बुडवून तलावावर गेला होता, तिथून. मग त्याची सायकल, त्याचे मित्र, हॉस्टेल, फोनवरचं ते "विकून टाका", बापानं बांधलेला खुराडा बघायला एकदाही न आलेला तो. कुठे थांबणं नाही, खोकणं नाही, छातीची शिट्टी नाही. "आई, आयक ना," असं तो दोनदा म्हणाला.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून एक कोंबडी बाहेर आली. तिच्या मागून दुसरी. मग एकेक करत सगळ्याच निघाल्या, शेवटी मान ताठ करून कोंबडा. अंगणाच्या पार त्या टोकाला जाऊन बसल्या. आत काकूंचा आवाज एका लयीत चालू होता, आणि त्या अजून त्याच्या लग्नापर्यंतही पोचल्या नव्हत्या.