फुग्यात कोणीच नव्हतं

अंजनाबाईचा आभाळाशी कधी फारसा संबंध आला नाही. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, मान खाली. कामठी रोडवरच्या त्या वस्तीत लग्न होऊन आल्यापासून तिचे दिवस असेच गेले. वर बघायची ती धुणं वाळेल की नाही एवढ्यापुरतं. तिची खरी काळजी पानांची होती. भिजवलेली पानं ती गोणपाटात गुंडाळून ठेवी, आणि हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यानं सकाळपर्यंत त्यांचे पापड झालेले असत. वाळक्या पानाची विडी फुटते. फुटकी विडी सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा मधला ठेकेदार, बाजूला काढतो. पानं देणारा तोच आणि विड्या घेणारा तोच, तेव्हा भांडायचं कोणाशी?

म्हणून एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई नुकतीच सुरू झालेली असताना, एका सकाळी तिच्या आणि शेजारच्या जिजाबाईच्या कौलांवर ते अवाढव्य प्लास्टिक येऊन पडलं, तेव्हा तिला पहिल्यांदा पानंच आठवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, पांढुरकं. बायका ओढत होत्या आणि ते येतच होतं. त्याच्या दोरीला एक चौकोनी खोकं लटकत होतं. ते कोणी धड पाहिलंही नाही.

"माय वं! कोन्या देवाचं धोतर पडलं हे?" जिजाबाई म्हणाली.

"आपुन दीक्षा घेऊन देव सोडले ना मावशी," अंजनाबाई म्हणाली, "आता ते बी कपडे सोडून राहिले."

बायका हसून हसून ओट्यावर बसल्या. अंजनाबाईनं पानं कापायची कैची आणली आणि तुकडे केले. घरटी एक. वस्तीत जे काही फुकट हाती येई ते असंच वाटलं जाई. एकटीनं ठेवून घेतलं तर उद्या नळावर नंबर लागायचा नाही. जिजाबाईला जरा मोठा तुकडा दिला, कारण तिच्या घरी सासू-सून दोघी विड्या वळत.

दुपारी अंजनाबाईचा नवरा नत्थू कामावरून आला. तो भैयाजी ठेकेदाराकडे होता. ठेल्यावर भाजीची पोती लादून लष्कराच्या छावणीतल्या मेसमध्ये पोचवायचा. फाटकातून आत जायला त्याला फोटोवाला पास मिळालेला होता, आणि तो पास तो जेवतानाही खिशातून काढत नसे. वस्तीत स्वतःचा फोटो असलेली माणसं थोडीच होती.

"हे खोकं कोनाचं?" त्यानं विचारलं.

"वरून पडलं. फेका तिकडं."

"फेका काहून? सरकारी दिसते. लढाईचे दिवस हायेत. चौकीत देऊन येतो."

"जेवून तं जा."

"आलोच."

तिनं भाकरी झाकून ठेवली. नत्थू आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली. तिथं बाहेरून आलेले एक साहेब बसले होते. गळ्यात मफलर, समोर चहा. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते समजावून सांगत होते.

"बाई, हा जत्रेतला फुगा नाही. हा विमानाच्याही वर जातो. विमान येतं आणि निघून जातं, त्याचा आवाज होतो, त्याला तोफा पाडतात. हा मुकाट वाऱ्यावर येतो आणि एकाच जागेवर तासन्‌तास लटकून राहतो. खाली कॅमेरा बांधला की छावणी, रेल्वे, पूल, सगळं सावकाश बघून घेतो. खर्चही कमी. आणि मोठा फायदा म्हणजे तो खाली पडला तरी त्यात माणूस सापडत नाही. सोडणारा देश म्हणतो, हवामान बघायला सोडला होता, भरकटला. झालं."

अंजनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "साहेब, त्याच्यात मानूस नसतेच, तं आमच्या मानसाले काहून धरलं?"

साहेबांनी कप खाली ठेवला.

"वर कोणी नसतं म्हणूनच खाली कोणीतरी लागतं. पडलेलं उचलायला. तुझा नवरा रोज छावणीत जातो. फुगा पडतो तो नेमका त्याच्या घरावर. खोकं तेवढं आणून देतो, आणि बाकीचं घरात कापून टाकलेलं. का कापलं?"

"पानं ओली राहावी म्हनून."

दारातला हवालदार हसला. अंजनाबाई खरं बोलत होती, पण त्या खोलीत तिच्याच कानांना ते खोटं वाटलं.

"सगळे तुकडे आण," साहेब म्हणाले. "जुळवून बघू. पुरं भरलं तर सोडू."

ती घरोघर फिरली. कालपर्यंत हसणाऱ्या बायकांनी तुकडे असे पुढे केले की जणू त्यांना विंचू चिकटले होते. एकीनं तर दार न उघडता खिडकीतूनच टाकला. जिजाबाई मात्र उंबरठ्यात बसून राहिली.

"कोनता तुकडा?"

"मावशी, मी ह्याच हातानं देला तुमाले."

"मले नाई देला."

तिच्या पाठीमागे कोपऱ्यात पानांचं गाठोडं होतं, आणि त्याच्याभोवती ते पांढुरकं प्लास्टिक अंजनाबाईला स्वच्छ दिसत होतं. तिची नजर गेलेली पाहून जिजाबाईनं आवाज उतरवला.

"माहा रुपराव रेल्वेच्या यार्डात हमाल हाय वं. तुह्या नवऱ्याले छावणीपायी धरलं, माह्या पोराले रेल्वेपायी धरतीन. मले एकच पोरगा हाय."

"अन् मले काय दोन नवरे हायेत?"

जिजाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. पण उंबरठ्यावरून ती उठली नाही.

चौकीच्या आवारात शिपायांनी तुकडे मांडले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर विटा ठेवल्या. अंजनाबाईची कैची सरळ चालायची. कडा कडांना बरोबर भिडल्या. फक्त एका बाजूला भली मोठी जागा उघडी राहिली. तिथून अंगणातली माती दिसत होती.

"हा कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. एक नाव घेतलं की काम झालं असतं. मग तिला रुपराव दिसला, तिच्या कौलांवर चढून पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलून देणारा. तो डोळ्यांपुढून हलावा म्हणून ती थांबली. तो हलेना.

"चुलीत गेला, साहेब. पेटवाले घेतला मी."

"म्हणजे जाळला."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी कारकुनाला तेवढंच लिहायला सांगितलं. मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तो नत्थूचा होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिला कोणी आत जाऊ दिलं नाही.

लढाई संपली. लोकांनी खिडक्यांचे काळे कागद ओरबाडून काढले, चौकात पेढे वाटले. त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी, दाढी वाढलेला नत्थू चालत घरी आला. फुगा आपलाच होता म्हणे. दक्षिणेकडे कुठल्याशा शास्त्रज्ञांनी वरच्या हवेचा अभ्यास करायला सोडलेला, वारा घेऊन आला. हवालदारानं ही बातमी नत्थूला हसतहसत दिली होती. गेलेल्या तुकड्याचं कोणी नावही काढलं नाही.

चौकीत काढून घेतलेला पास मात्र परत मिळाला नाही. दोघं भैयाजीकडे गेले. भैयाजीनं चहा मागवला, अंजनाबाईला खुर्ची दिली.

"नत्थू सोन्यासारखा मानूस हाय, हे मले मालूम नाई काय? पन नवा पास काढाचा म्हटला का वरून इचारतीन. अन् ह्याचं नाव निंघालं ना एकदा! माहा ठेकाच जाईन बाई. तूच सांग, मी काय करू?"

नत्थूनं चहा संपवला.

तो घरी बसून पानं कापू लागला. विडी काही त्याला जमली नाही. त्याच्या हातची विडी सट्टेदाराच्या हातात पोचायच्या आत उलगडायची. एका दुपारी जिजाबाई आली. धुऊन घडी घातलेला प्लास्टिकचा तुकडा तिनं सुपाशेजारी ठेवला.

"आता तं ठेव वं. आपलाच व्हता म्हनते."

अंजनाबाई तिला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. संध्याकाळी तिनं पानं त्यात गुंडाळली. सकाळी उघडली तेव्हा ती ओली होती, अगदी तिला हवी होती तशी.

पुढच्या हिवाळ्यात, दिवस मावळून वस्तीत अंधारू लागलं असताना, दक्षिणेला आभाळात एक ठिपका चमकताना दिसला. खाली ऊन उरलं नव्हतं, त्याच्यावर मात्र होतं. बायका ओट्यांवर आल्या. मग एकीनं दोरीवरचं लुगडं ओढलं, दुसरीनं सूप उचललं, जिजाबाईनं अंगणातली बाज आत नेली. एकेक दार लागत गेलं. नत्थू उंबरठ्यावर पानं कापत होता. त्यानं कैची खाली ठेवली, वर पाहिलं नाही, उठून आत गेला.

अंजनाबाई एकटी बाहेर राहिली. ठिपका हलतो का ते कळावं म्हणून तिनं विजेच्या खांबाच्या तारेवर नजर धरली. ठिपका तारेच्या जरा वर होता.

"गेला काय वं?" आतून नत्थूनं विचारलं.

तिनं पुन्हा तारेकडे पाहिलं, मग वर.

"नाई," ती म्हणाली. "तिथंच हाय."