बाबांची ऑफिसची पँट

बाबा गेल्याला वर्ष होऊन गेलं आणि आई एक दिवस जेवताना म्हणाली, "मला वाळवंट बघायचंय. आणि बर्फ."

तोवर आईचा प्रवास म्हणजे गिरगाव ते मालवण. तिचा विचार बदलायच्या आत मी मार्चअखेरची सहल ठरवून टाकली. आधी जोधपूर, मग जैसलमेर, तिथून वर मनाली.

अडचण सामानाची होती. सहलवाल्यांनी बजावलं होतं, माणशी एकच बॅग. उन्हाचे सुती कपडे आणि बर्फाचे लोकरीचे, सगळं तिच्यातच. आमच्या घरात लोकरीचा म्हणून एक मफलर होता. शेवटी खोताच्या वाडीतली आईची मैत्रीण धावून आली. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. तिच्या मुलाने कॅनडाहून पाठवलेला जाडजूड कोट ती घेऊन आली.

भर दुपारी आईने तो साडीवर चढवला. पदराचा बोळा झाला, बटणं लागेनात, खाली निऱ्या फुगल्या. घामाच्या धारा लागल्या.

"हे काय जमायचं नाय, बाय," मैत्रीण म्हणाली. "पँट घाल."

"या वयात पँट? वेड लागलंय काय तुला?"

"मग बस बर्फात निऱ्या सांभाळत."

मी म्हटलं, दादरला जाऊन पंजाबी ड्रेस घेऊ. कोट उतरवून आईने तोंड धुतलं आणि कपाट उघडलं. त्यातल्या बाबांच्या कप्प्याला आम्ही कोणीच हात लावला नव्हता. तिने त्यांची ऑफिसची करडी पँट काढली आणि आत गेली. बाहेर आली ती दोन्ही हातांनी पँटची सैल कंबर धरून. आम्ही तिघी खो खो हसत सुटलो.

हसता हसता आईचा हात खिशात गेला. आत काही नव्हतं. "मीच धुऊन ठेवली होती," ती म्हणाली आणि रडायला लागली. मैत्रीण तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी आईने मशीनवर पँट कमरेत आवळली, खालून दुमडून शिवली. माझा भाऊ आम्हाला भेटायला आला तेव्हा ती बॅगेत वरच होती.

"आई, लोक काय म्हणतील?"

"जैसलमेरला मला कोण ओळखतंय?"

जोधपूरच्या उन्हात ती सुती साड्यांमध्येच फिरली. पँट पहिल्यांदा घातली ती जैसलमेरला, उंटावर बसायला. उंट उठताना ती पुढे कलंडली आणि जोरात ओरडली, "आवशीचो घो!" सहलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. इतकी वर्षं मुलांना शुद्ध भाषा शिकवलेल्या बाईच्या तोंडून मी ही मालवणी शिवी पहिल्यांदाच ऐकत होते.

मनालीच्या वर बर्फ लागला. कोट, पँट, भाड्याचे गमबूट घालून आई माझा हात धरून चालत होती. मध्येच वाकून तिने बर्फ उचलला, हातात दाबून पाहिला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"गार," ती म्हणाली. मग हात कोटाला पुसत, "हे असते तर पाच मिनिटांत खाली चला म्हणाले असते."

"आपण जाऊया का खाली?"

"नको. त्या वळणापर्यंत जाऊ."

आम्ही वळणापर्यंत गेलो.