काठावरून बोलायचं नाही

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझ्या नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरून द्यायची. विहिरींचं पाणी आटलं की त्यांच्या दुकानात गर्दी होते, कारण कोरडी चाललेली मोटार जळतेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अशा घरातली मुलगी समुद्रात शिडाची नाव चालवते म्हटलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग विचारतात, "कावून पाठवली?" जणू मी तिला पार्सल करून पाठवली. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना समजावून सांगायचे. आता म्हणते, घरात जागा नव्हती म्हणून.

पोहायला ती आमच्याच विहिरीत शिकली, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. तिच्या बापाला, म्हणजे तिच्या आबाला, ती पोलीस व्हायला हवी होती. भरतीची तयारी म्हणून पहाटे ती हायवेच्या कडेनं पळायची आणि हे मोटारसायकलवर तिच्या बाजूनं ओरडत चालायचे, "खांदे ढिले सोड! दम राख!" धाब्यावरचे ड्रायव्हर ट्रकमधून डोकं बाहेर काढून बघायचे. पुढं ती पुण्याला व्यायामशिक्षणाचं शिकायला गेली, तिथून एका शिबिराला गोव्याला गेली आणि तिथंच पोरांना शिडाची होडी शिकवायला राहिली. भरतीचा अर्ज भरणार नाही असं तिनं सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "पाण्यातलं मला काय कळत न्हाई." तो विषय त्यांनी तिथंच बंद केला. तिचा फोन आला की जेवलीस का, तब्येत बरी हाय का, आणि फोन माझ्या हातात.

हे साध्या माणसानं केलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण हा माणूस तरुणपणी कुस्ती खेळलेला. आमच्याकडं जत्रेत कुस्ती लागली की आखाड्याच्या काठावरचा प्रत्येक जण पैलवानाला डाव सांगत असतो. पट काढ, मान सोडू नको, उजव्या अंगानं घे! त्यात कुणाला गैर वाटत नाही. उलट आपल्या गावच्या पैलवानाची कुस्ती चालू असताना कुणी गप्प उभा राहिला तर लोक विचारतात, काय बिनसलं रे तुमच्यात? आणि हे तर घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांतले. ग्रामपंचायतीपासून क्रिकेटपर्यंत कुणाचं काय चुकतं ते त्यांना माहीत असतं. पोरीच्या नावेबद्दल मात्र तोंडाला कुलूप. तिला ते लागायचं. मला त्याहून जास्त राग यायचा, कारण मला दोन्हीकडचं दिसत होतं.

मागच्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा कप्तान म्हणून नाव मिळाली. शर्यत गोव्याहून कोचीपर्यंत, दिवसरात्र चालणारी. नाव एका मालकाची होती. तो म्हणाला, ही शर्यत नीट पार पाड, मग पुढचा सगळा हंगाम नाव तुझ्याकडे. काही गडबड झाली तर दुसरे कप्तान रांगेत होतेच. ती मला म्हणाली, "आई, ही एकच संधी हाय. परत कुणी माझ्याकडं नाव देणार न्हाई."

शर्यतीचे नियम पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. तिनं फोनवर मला ते पाठवून दिले आणि मी संध्याकाळी भाकरी करता करता तिची तोंडी परीक्षा घ्यायचे. सुरुवातीची रेघ पाण्यावर आखलेली नसते. एका बाजूला पंचांची नाव, दुसऱ्या बाजूला तरंगता गोळा, आणि मधली रेघ आपण मनात धरायची. वेळेआधी ती ओलांडली तर मागं फिरून पुन्हा सुरुवात करायची. अंधार पडला की डेकवरच्या प्रत्येकानं पट्ट्यानं स्वतःला नावेला अडकवायचं. ठरल्या वेळी रेडिओवर प्रत्येक नावेनं हजेरी द्यायची, आणि हजेरी चुकली की पंच शोध सुरू करतात. हा नियम मला फार आवडला. माझ्या वर्गात हजेरी चुकली की मला पोराच्या घरी जावं लागतं.

सगळ्यांत वरचा नियम असा की कुणी संकटात दिसला तर शर्यत सोडून त्याच्याकडं जायचं. त्यात गेलेला वेळ नंतर भरून देतात. मी म्हटलं, हा नियम आपल्याकडं रस्त्यावर लावा कुणीतरी.

"आणि आई, बाहेरून मदत घ्यायची न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांना मिळतो तो हवेचा अंदाज चालतो. पण आपल्यालाच कुणी काठावरून सांगितलं, इकडं जा, तिकडं जा, तर ते चालत न्हाई."

"आणि घेतली तर पकडणार कोण? समुद्रात पंच कुठं असतो?"

"कोणीच न्हाई. आपलं आपण सांगायचं."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोरानं आपण होऊन कॉपी केल्याचं सांगितलेलं नाही.

शर्यत सुरू झाली. सगळ्या नावा नकाशावर दाखवणारं एक पान फोनवर उघडायचं. प्रत्येक नाव म्हणजे एक रंगीत ठिपका आणि मागं तिची रेघ. आमची हिरवी. मी शाळेत मधल्या सुट्टीत बघायचे. दुसऱ्या दिवशी दुकानात डबा द्यायला गेले तर हे एका शेतकऱ्याची मोटार उघडून तशीच ठेवून फोनमध्ये डोकं घालून बसलेले. मला बघताच फोन पालथा घातला. मी डबा ठेवला आणि निघाले. पण हिरवा रंग मला दिसला होता, आणि मला एवढा आनंद झाला की घरी येऊन मी उगाच गोड शिरा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. नावा कोचीला पोचल्या होत्या. तिची नाव पाचवी आली होती, पहिल्याच खेपेला ते फार चांगलं होतं. पण तिचा आवाज बसलेला होता.

"आई, आबानं मला आवाजाचा मेसेज पाठवला," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी यांना नकाशावर दिसलं की हिरवा ठिपका खोल समुद्रात अडकून पडलाय आणि किनाऱ्याजवळच्या दोन नावा पुढं चालल्यात. यांना राहवलं नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि आखाड्याच्या काठावरून ओरडावं तसे ओरडले, "पोरी, मधीच कावून थांबलीस? डावीकडं घे! काठाकाठानं चालल्यात त्या लई पुढं गेल्या. डावीकडं, डावीकडं!" दक्षिणेला निघालेल्या नावेला किनारा डावीकडंच लागतो. सल्ला बरोबर होता, हेच वाईट झालं, कारण तो ऐकूनच ती पुढं आली असं कुणीही म्हटलं असतं.

"तू ऐकलासच कशाला?"

"आबा कधी मेसेज पाठवतात का? मला वाटलं घरी काय झालं. तुला काय झालं." मग ती म्हणाली, "नावेवर सगळ्यांनी ऐकला. मी पंचांना सांगितलंय. उद्या सुनावणी हाय. आबाला पण व्हिडिओवर बोलावलंय."

निकाल विरोधात गेला तर नाव शर्यतीतून बाद, आणि नाव बाद झाली की मालकाकडची संधीही गेली. मी फोन ठेवला आणि दुकानात जाऊन यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. हातातली तार पुन्हा पुन्हा गुंडाळत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, ती एकटी पडली."

संध्याकाळी माझे दीर आले. ते ग्रामपंचायतीत सदस्य आहेत, आणि चौकशी आली की माणसानं काय बोलायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. "दादा, मेसेज उडवून टाका," ते म्हणाले. "म्हणा, चुकून गेला. म्हणा, दुसऱ्या कुणाला पाठवत होतो. कोण बघायला आलंय?"

"पोरीनं सांगून टाकलंय," मी म्हटलं.

"मग वहिनी, तिनं गडबड केली. आता दादानं तरी सांभाळून बोलावं."

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फोनसमोर बसले. मी फोन स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर तीन पंच दिसत होते, मधोमध केस पिकलेल्या एक बाई. एका कोपऱ्यातल्या चौकटीत आमची मुलगी, उन्हानं काळी पडलेली, केस मिठानं राठ झालेले. तिनं बापाकडं बघितलं नाही. दीर फोनच्या मागं, पंचांना दिसणार नाहीत असे, माझ्या बाजूला उभे होते.

बाई हिंदीत बोलत होत्या. मेसेज कधी पाठवला, ते यांनी सांगितलं. कुणी पाठवायला सांगितला होता का?

"किसीने नहीं बोला. मेरे मन से भेजा."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी नियम समजावून सांगितला. न विचारता कुणी काही सांगितलं आणि सांगणाऱ्याला त्या नावेच्या हारजितीशी काही देणंघेणं नसेल, तर ती मदत धरत नाहीत. समजा, वाटेत एखाद्या कोळ्यानं ओरडून सांगितलं, तर ते चालतं. त्या म्हणाल्या, "तो मैं आपसे पूछती हूँ. आपकी बेटी की नाव जीते या हारे, आपको उससे कोई फ़र्क़ पड़ता है?"

बाहेर पडायचं दार समोर उघडं होतं. दीर दोन्ही हात जोरजोरात हलवून नाही म्हणा, नाही म्हणा करत होते. आणि खोटं वाटायचंही कारण नव्हतं. या माणसानं इतकी वर्षं तिच्या नावेबद्दल एक शब्द काढला नव्हता. पाण्यातलं मला कळत न्हाई, हे सगळ्या चौसाळ्याला ठाऊक होतं. मुलगी पहिल्यांदा वर बघत होती.

हे फोनच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "पडता है, बाई. लई पडता है. मेरी बेटी है. उसकी नाव पीछे रही तो मेरे को खाना नहीं जाता. नहीं पडता बोलूंगा तो झूट होगा."

दीरांनी कपाळावर हात मारला. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, ठीक आहे, यांचा संदेश त्या सवलतीत बसत नाही. आता प्रश्न एकच उरला, नावेनं तो मानून दिशा बदलली का.

तेव्हा मुलगी बोलली. तिनं दुपारीच नाव किनाऱ्याकडं वळवली होती, रात्री जमिनीवरून वारा सुटतो म्हणून. तिचे खलाशी एकेक करून तेच सांगून गेले. मग एका पंचानं नकाशावरची रेघ उघडली. तेव्हा आम्हाला कळलं की लोकांना ती रेघ मुद्दाम काही तास उशिरानं दाखवतात, कुणी घरबसल्या मार्ग सांगू नये म्हणून. यांना जी नाव अडकलेली दिसली ती जुनी जागा होती. ते ओरडले तेव्हा ती कधीच डावीकडं वळलेली होती. आणि बाई हसून म्हणाल्या, वळली होती म्हणूनच फोनला रेंज आली. खोल समुद्रात राहिली असती तर तुमचा आवाज तिला पोचलाच नसता.

निकाल संध्याकाळी आला. मदत झाली नाही, नंबर कायम, पुढच्या वेळी फोन बंद ठेवण्याची समज. मालकाचाही फोन तिला आला. जी कप्तान स्वतःची चूक स्वतः सांगते तिच्याकडं नाव द्यायला मला भीती नाही, असं तो म्हणाला. हंगाम तिचा झाला. मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि दीर बाहेर चार जणांना सांगत सुटले की दादानं कसं खरं बोलून मैदान मारलं.

दिवे लागल्यावर तिचा फोन आला. मला वाटलं निकालाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "आई, आबाला दे."

मी फोन मोठ्या आवाजावर करून त्यांच्या हातात दिला. जेवलीस का, त्यांनी विचारलं. तब्येत बरी हाय का.

"आबा," ती म्हणाली, "तुमी सकाळी त्या बाईला म्हणले, ते खरं हाय का?"

"काय?"

"फरक पडतो म्हणले ते."

यांनी फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "शर्यत संपली ना?" त्यांनी विचारलं.

"संपली."

"मग आता बोललेलं चालतं?"

"चालतं, आबा."

ते खाटेवर बसले आणि बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.