पावडरीच्या आधीचं पाणी

पट्टी निळी व्हायला हवी होती. झाली नाही.

नांदूरघाटच्या पुढची एक वाडी. सरकारी कामानं पाणी तपासायला आलेली मी गुरांच्या हौदाशी उकिडवी बसले होते, हातात बायोसेन्सरची पट्टी. भोवती निम्मं गाव. एवढे प्रेक्षक असले की मी पट्टी गरजेपेक्षा जरा जास्तच उंच धरते.

पट्टीच्या टोकाला एन्झाइम लावलेलं असतं. तेच एन्झाइम किड्यांच्या आणि आपल्याही नसांत काम करतं. बरीच कीटकनाशकं नेमकं त्यालाच बंद पाडतात. एन्झाइम शाबूत असेल तर पट्टी निळी होते, बंद पडलं तर पांढरीच राहते. लॅबचा रिपोर्ट यायला आठवडा जातो. हिचं उत्तर चहा होईपर्यंत मिळतं.

तक्रार भिवाआण्णांची. मेंढपाळ माणूस. या हौदावर पाणी पिऊन त्यांची तीन कोकरं तोंडाला फेस येऊन मेली होती. सरपंच म्हणत, मेंढरं फवारलेल्या कपाशीत शिरली असतील. हौदाची बदनामी करायची असेल तर कळप घेऊन दुसरं शिवार बघा. पावसानं दडी मारलेली. दुसरीकडे पाणी नव्हतं.

"मॅडम, तुमची पट्टीच खराब हाय," सरपंच म्हणाले.

मी दुसरी पट्टी माझ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवली. निळीशार झाली. मग मी हौदावर वाकले आणि नाक झोंबलं.

"यात काय टाकलंय?"

सरपंच खुलले. "टीसीएल! तुमी येनार म्हनून काल फोन आलता ना? आख्खं पोतं! अर्धं हिरीत, अर्धं हौदात. लई सोच्छ केलंय."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे रस्त्याकडेला चुना आणि विहिरीत पावडर पडतेच. बेताची टाकली तर जंतू मरतात. पोतंभर टाकली तर माझं एन्झाइमही.

"मग पट्टी पावडरीनंही पांढरी राहिली असेल," मी कबूल केलं.

"झालं की मंग! दोष पावडरीचा. हौद निर्दोष. लिवा, मॅडम."

पंचाईत झाली. या पाण्यावरून मला काहीच लिहिता येत नव्हतं.

भिवाआण्णांनी घोंगडीखालून एक कॅन काढला. "बाई, ह्ये बगा. तिसरं कोकरू गेलं तवाच हौदातून भरून ठिवलं. पावडरीच्या आदी."

"कशावरून रं?" सरपंच.

"वास घ्या की. तुमचं पोतं लागतंय का ह्यात?"

सरपंचांनी भर गावासमोर कॅनमध्ये नाक घातलं. बराच वेळ घातलं. "न्हाई लागत," म्हणाले.

तिसरी पट्टी बुडवली. चहा आला, गार झाला. पट्टी पांढरीच.

"फवारणीचे पंप कुठे धुता?" मी विचारलं.

सगळे आभाळाकडे बघू लागले. मागून एक आक्का बोलल्या, "कुटं म्हंजे? ह्याच हौदात. सरपंचाचा गडी तर रोज."

कॅनमधलं उरलेलं पाणी लॅबला गेलं. तिथंही कीटकनाशकच निघालं. हौद घासून धुतला, पंप धुणं बंद झालं. हौद ज्या विहिरीवरून भरतो तिच्या पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत मेंढरं कुठे पाजायची, यावर बैठक बसली. सरपंचांच्या बोअरला पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनाही आठवलं. भिवाआण्णांचा कळप तिथंच पाणी प्यायला लागला.

मी मात्र आता कुठेही फोन करून जात नाही. पाणी गाठायचं तर ते बेसावध असतानाच.