पाहुण्यांसमोर उघडी पडलेली माझी चूक आणि नाईकसर

नाईकसरांची आणि माझी ओळख घणसोली गावातल्या शाळेत झाली, लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी. ते केंद्राध्यक्ष होते आणि मतदार यादीत नावावर खूण करण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या केंद्रावर परदेशी पाहुणे निवडणूक बघायला येणार, याचाच मला सकाळपासून राग होता. आपल्या घरचं कार्य नीट पार पडतंय की नाही, हे सांगायला परके कशाला?

पाहुणे येऊन भिंतीशी उभे राहिले, तोच जनाबाई पाटील नावाच्या आजी आल्या. यादीत त्यांच्या नावावर आधीच खूण होती.

"मी त आता आयलंय! माजा मत दिला कुनी?"

चूक माझी होती. गावात त्याच नावाच्या दोघीजणी, नवऱ्यांची नावंही एकच. सकाळी आलेल्या जनाबाईंची खूण मी या जनाबाईंच्या नावावर केली होती. फोटो नीट पाहिलाच नव्हता. घाबरून मी सरांच्या कानाशी लागले, "लेट देम गो फर्स्ट, सर." आधी पाहुणे जाऊ देत, एवढंच म्हणायचं होतं; पण कॉन्व्हेंटच्या सवयीने इंग्रजीत बोलले! पाहुण्यांतल्या एका उंच बाईंनी झटकन मान वळवली.

"मॅडम, आत्ताच करू," सर मला म्हणाले. सकाळपासून एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांच्या प्रतिनिधींना त्यांनी आजींची ओळख विचारली. दोघंही एकदम म्हणाले, "हीच ती, तलावाजवळची जना." नावावर मत आधीच नोंदलं गेल्यामुळे यंत्रावर मत देता येत नव्हतं, म्हणून सरांनी नियमाप्रमाणे आजींना कागदी मतपत्रिका दिली आणि ती वेगळ्या लिफाफ्यात बंद केली.

"यो मत मोजतील नं?"

"बहुतेक नाही, आजी. कोर्टाने मागितलं तरच."

"मंग तुमी कशाला बसलाव?"

सर उभे राहिले आणि पाहुण्यांदेखत हात जोडून म्हणाले, "आमचं चुकलं."

उंच बाई सरांच्या पारदर्शकतेचं कौतुक करून गेल्या. मतदान संपल्यावर मी दिवसभराच्या घटना नोंदवायची केंद्राध्यक्षांची डायरी पाहिली. सरांनी लिहिलं होतं, 'चूक केंद्राध्यक्षांची.' माझं नाव कुठेच नव्हतं.

तेव्हापासून माझा गोंधळ आहे. पाहुणे नसते, तर मी निमूट चूक कबूल केली असती. ते होते म्हणून लपवायला निघाले. सर दोन्ही वेळी सारखेच वागले असते. जनाबाईंना ओळखलं ते गावातल्याच दोघांनी. मग परदेशी निरीक्षक हवेत कशाला? पण लगेच वाटतं, जिथे केंद्राध्यक्ष नाईकसर नसतील, तिथे काय? आणि सरांनी माझ्यासाठी लिहिलेलं ते एक खोटं वाक्य कोणत्या निरीक्षकाला सापडलं असतं? मी सरांना हे विचारलं, तर म्हणाले, "मलाही नक्की सांगता येत नाही. पण आजींचं मत गेलं, हे नक्की."

निवृत्तीनंतर सर दर निवडणुकीआधी घणसोलीत यादी घेऊन घरोघर फिरतात, एकाच नावाच्या माणसांचे फोटो जुळवतात. पुढच्या वेळी जनाबाईंनी यंत्रावर मत दिलं.

सर, आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांचे झालात. तुमच्या या गौरव अंकात मी छापील शब्दांत सांगते, ती चूक तुमची नव्हती, माझी होती. आता डायरी दुरुस्त झाली असं समजा. गावातले अरुंद जिने चढताना कठडा धरत जा, गुडघ्यांना जपा, आणि माझ्याशी हा वाद घालायला खूप वर्षं ठणठणीत राहा.